परवाना हाती, पण नजर?

मोटार चालविण्याच्या शाळेत नाव घालणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो? गिअर-क्लचचा सराव आणि परवाना, असेच उत्तर बहुतेक शिकाऊ देतील. धोका आधी ओळखण्याची नजर त्या यादीत सहसा नसते. आणि जे गिऱ्हाईक मागत नाही ते दुकानदार मांडीत नाही, हा बाजाराचा साधा नियम येथेही लागू पडतो.

नियमच नाहीत, असे मात्र नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शाळांना अभ्यासक्रम आखून दिला आहे. मोटारीसाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष १० तास चालविणे सांगितले आहे. परंतु शिकाऊ परवान्याच्या चाचणीत शेकडा ६० उत्तरे बरोबर आली की काम भागते. साहजिकच प्रश्नसंच पाठ करून घेण्यापाशी अनेक शाळांची 'थिअरी' संपते. त्रिकोणी पाटी सावधगिरीची, हे पाठांतराने कळते. थांबलेल्या एसटीपुढून एखादे मूल धावत येईल, हे ताडण्याची सवय पाठांतराने लागत नाही. शेजारी बसलेल्या शिक्षकाने 'आता पुढे काय होईल?' असे वारंवार विचारावे, तेव्हा ती लागते. त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पेट्रोल व पगार.

ब्रिटनने १९९६ साली स्वतंत्र थिअरी परीक्षा सुरू केली आणि २००२ साली तिला धोका ओळखण्याची चाचणी जोडली. उमेदवाराला रस्त्यावरील १४ चित्रफिती दाखवितात. उद्भवणारा धोका जितक्या लवकर टिपावा तितके गुण अधिक. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकविले जाते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रांत उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चालविण्याच्या परीक्षेतून सूट ठेवली आहे. शिकविणारा आणि पारखणारा एकच झाला की देखरेख अधिक कडक हवी.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सारा दोष शिकवणीचा नव्हे. रस्ते आणि वेगही त्याला कारण आहेत. तथापि अर्धवट शिक्षणाची किंमत शाळा भरीत नाही, शिकाऊही एकटा भरीत नाही; ज्याने फीही भरली नाही आणि परवानाही मागितला नाही, तो पादचारी ती भरतो. म्हणूनच हा व्यवहार केवळ शाळा आणि गिऱ्हाईक यांच्यावर सोडून चालणार नाही. आधी परीक्षा बदलावी. शाळा आपोआप बदलतील.