शिक्षेच्या हुकुमानंतरचे ४५ दिवस

इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या मराठी घरांत सरकारी नोकरी ही केवळ उपजीविका नसते; ती घराची अब्रू असते. होळकर-शिंद्यांच्या दप्तरांपासून ग्वाल्हेरच्या महालेखापाल कार्यालयापर्यंत आपल्या कित्येक पिढ्या लेखणीवर जगल्या. म्हणूनच एखाद्या घरी शिक्षेचा हुकूम आला की तो कुणाला दाखविण्याऐवजी लपविला जातो. आमचा अनुभव मात्र असा की, शिक्षेपेक्षा हे लपविणेच अधिक घात करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वहिनी एक पाकीट घेऊन आल्या. "भाऊजी, देवघरात पोथ्यांखाली हे सापडले. महिना झाला, हे धड जेवत नाहीत की बोलत नाहीत. जरा पाहता का?" पाकिटात राज्य शासनाच्या एका खात्याचा हुकूम होता. चौकशीत आरोप सिद्ध झाला म्हणून त्यांच्या यजमानांना खालच्या पदावर उतरविण्यात आले होते. आम्ही प्रथम तारीख पाहिली. हुकूम हाती पडून ३१ दिवस झाले होते.

तारखेचे महत्त्व असे. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना १९६५ चे, तर मध्यप्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९६६ चे नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम लागू आहेत. दोहोंतही हुकुमाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत अपील करावे लागते. उशिराचे सबळ कारण असल्यास वरिष्ठ तो माफ करू शकतात. परंतु 'लाज वाटली' हे कारण कोणत्या तोंडाने लिहावयाचे?

त्या संध्याकाळी ते गृहस्थ स्वतःच आमच्याकडे आले. अपिलाचा एक मसुदा त्यांनी लिहून ठेवला होता. त्यात निष्कलंक नोकरीचा उल्लेख होता, आजारी आई होती, लग्नाची मुलगी होती आणि साहेबांविषयी बरेच कडवट शब्द होते. चौकशीचा अहवाल आपणांस शिक्षेपूर्वी दाखविलाच नाही, ही गोष्ट मात्र शेवटी एका ओळीत आली होती. वस्तुतः सारे अपील त्या एका ओळीत होते!

अपील कसे ठरते हे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. ज्याने शिक्षा दिली त्याच्याहून वरचा अधिकारी ते ऐकतो. 'ऐकतो' म्हणजे बहुधा वाचतो. अपिलाची एक प्रत शिक्षा देणाऱ्याकडेही जाते. तो आपला अभिप्राय आणि मूळ कागदपत्रे वर पाठवितो. मग अपील अधिकाऱ्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावयाचे असतात. पहिला, चौकशी नियमांप्रमाणे झाली काय, आणि झाली नसल्यास त्यामुळे अन्याय घडला काय? दुसरा, निष्कर्षाला पुराव्याचा आधार आहे काय? तिसरा, दिलेली शिक्षा योग्य आहे, कमी आहे की अधिक? यांवरून तो शिक्षा कायम करतो, कमी करतो, रद्द करतो, किंवा प्रकरण फेरविचारास परत पाठवितो. तो शिक्षा वाढवूही शकतो. मात्र त्यापूर्वी कर्मचाऱ्यास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

या तीन प्रश्नांत आईचे आजारपण फार तर तिसऱ्यापाशी उपयोगी पडेल. शिवाय अपील ज्याचे त्याने स्वतःच्या नावाने करावे, ते स्वयंपूर्ण असावे आणि त्यात अनुचित भाषा नसावी, असे नियमच सांगतात.

अधिकाऱ्यावरही बंधन आहे. 'अपील विचारात घेतले, तथ्य आढळले नाही' एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. १९८६ साली रामचंदर या रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय कारणांसहित हवा असे बजावले, आणि त्या कर्मचाऱ्यास प्रत्यक्ष सुनावणी देऊन नव्याने निर्णय करावयास लावला. पुढे १९९३ साली हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात घटनापीठाने ठरविले की, चौकशी अधिकारी निराळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी कर्मचाऱ्यास मिळालीच पाहिजे. तथापि प्रत न मिळाल्याने आपले काय नुकसान झाले, हेही त्याने दाखवावे लागते.

आम्ही त्या गृहस्थांना हेच विचारले, "अहवाल मिळाला असता तर आपण काय सांगितले असते?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ज्या दिवशीची ती नोंद, त्या दिवशी मी रजेवर होतो. रजेचा अर्ज दप्तरात आहे; अहवालात त्याचा उल्लेखच नाही." मग तीन रात्री बसून नवा मसुदा झाला. कडवट शब्द गेले, आई आणि मुलगी दोन ओळींत आल्या, आणि अहवाल व रजेचा अर्ज अग्रभागी बसले. ४१ व्या दिवशी अपील रजिस्टर्ड डाकेने गेले. पावती वहिनींनी देवघरातच ठेवली.

निकाल यावयास सात महिने लागले. प्रकरण अहवालाच्या टप्प्यापासून पुन्हा विचारात घ्यावे, असा तो हुकूम होता. अखेरीस मुख्य आरोप गळाला. एका किरकोळ चुकीबद्दल नुसता ठपका राहिला. पूर्ण निर्दोष ठरलो नाही ही खंत त्यांना राहिली. पण पद परत मिळाले.

अपील फेटाळले गेले, तरी वाट संपत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९८५ पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तेथेही सामान्यतः आधी खात्यातील अपील केलेले असावे लागते. सहा महिन्यांत त्याचा निर्णय न झाल्यास मात्र दार ठोठावता येते. मध्यप्रदेशातील राज्य कर्मचाऱ्यांचे १९८८ साली स्थापन झालेले न्यायाधिकरण पुढे बंद झाले. त्यांना आता उच्च न्यायालयात जावे लागते. परंतु न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही. कारवाई रीतसर झाली की नाही, हे पाहते. म्हणून जे सांगावयाचे ते पहिल्याच अपिलात सांगितलेले बरे.

आमच्या भगिनींना एवढीच विनंती: घरचा कर्ता पुरुष असो वा नोकरी करणारी लेक-सून असो, अचानक अबोल झाली तर रागावू नका, विचारा. हुकुमाच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि दिवस मोजा. ४५ दिवस थोडे नाहीत. पण लपविण्यात गेले तर त्यांतला एकही परत मिळत नाही.