‘वल्द’ हे आडनाव नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, आमच्या उस्मानपुऱ्यातल्या एका गृहस्थांनी घराण्याची वंशावळ फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे. वरून तिसऱ्या फांदीवर नाव आहे, ‘गणू रामजी वल्द’. त्या फ्रेमखाली बसून मी दोनदा चहा प्यालो, पण वल्द हे त्यांच्या पूर्वजांचं आडनाव नव्हे, हे सांगायचा धीर काही झाला नाही. ‘गणू वल्द रामजी’ म्हणजे रामजीचा मुलगा गणू. निजामी दप्तरात लेकाच्या आणि बापाच्या नावामध्ये हा शब्द ठरलेला. मोडी कागदात त्याच जागी ‘बिन’ येतं.

एकनाथ रंगमंदिरापासून पीर बाजारापर्यंत चक्कर मारली तर मूळचा इथलाच असा माणूस विरळा. कुणी पॉलिटेक्निकला शिकायला आला आणि राहिला, कुणाच्या वडलांना बाहत्तरच्या दुष्काळानं गाव सोडायला लावलं. तेव्हा पूर्वज शोधायचे म्हणजे गावाकडे जायचं. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, आणि एरवी लग्नपत्रिकेपुरताच लागणारा खापरपणजोबा अचानक घरोघरी हवासा झाला. त्याबरोबर गैरसमजही घरोघरी पोचले.

पहिला, आणि सगळ्यांत सोयीचा: ‘1948 च्या पोलीस ॲक्शनमध्ये सगळं जळालं.’ हे सांगितलं की शोध तिथेच संपतो. दंग्याधोप्यात काही ठिकाणी दप्तरं गेलीही असतील. पण शिंदे समितीच्या सुरुवातीच्या तपासणीतच मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद पाहिले गेले आणि त्यांतून 11,530 कुणबी नोंदी पुढे आल्या. सगळं जळालं असतं तर एवढे कागद आले कुठून? शिवाय मराठवाड्याच्या माणसाला सर्वांत उपयोगी पडणारे दोन कागद 1948 च्या नंतरचे आहेत. एक 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, दुसरं 1954-55 चं खासरा पत्रक. तेव्हा म्हातारा असलेला जमीनधारक एकोणिसाव्या शतकात जन्मलेला असतो, आणि त्याच्या नावापुढे बापाचं नाव असतं. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या.

इथे 1951 च्या नोंदवहीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण लोक थेट ‘जुन्या जनगणनेत आजोबांचं नाव बघा’ म्हणतात. ही नोंदवही म्हणजे खानेसुमारी नव्हे. भारतातल्या खानेसुमारीत माणसांची नावं शोधायला मिळत नाहीत. छापले जातात ते आकडे. घरोघरच्या नोंदी कायद्यानं गोपनीय असतात. गॅझेटिअरचंही तेच. त्यात जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, हे सापडेल. तुमचा पणजोबा सापडणार नाही. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर आमच्याकडे दोघेजण ‘गॅझेटमधलं आमचं पान’ शोधायला निघाले होते. इंग्लंडात मात्र जुन्या खानेसुमारीची पानं घरबसल्या नावानिशी पाहता येतात. तिकडची पद्धत ऐकून इकडे शोधायला गेलं की हात हलवत परत यावं लागतं.

आता सातबारा. ‘सातबाऱ्यावर सगळं असतं’ असं ठामपणे सांगणारा बहुधा सातबारा फक्त पीककर्जासाठी काढणारा असतो. सातबारा आजचं सांगतो. मागे जायचं तर फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, आणि वारसांची नोंद ठेवणारा 6क. त्याही मागे खासरा, पाहणी पत्रक, सेतवार, वसुलीच्या वह्या. आणि या सगळ्या चळतीला एक प्रश्न विचारल्याशिवाय ती बोलत नाही: हा कागद कुणी, कशासाठी लिहिला? सारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं, म्हणून. वंशावळ ही सरकारची गरज नव्हती. त्यामुळे जो खातेदार होता तो आहे. त्याचा धाकटा भाऊ एकत्र कुटुंबात राबला असेल, पण कागदावर तो जन्मलाच नाही. सालगडी नाही, भूमिहीन नाही. आणि बाई दिसते ती बहुतेक वेळा नवरा मेल्यावर.

ती दिसते तेव्हाही घोळ होतो. मोडी कागदात ‘सगुणा कोम बाळाजी’ असं असेल तर कोम म्हणजे बायको. उर्दू कागदात ‘कौम’ असेल तर ती जात. उच्चार जवळजवळ सारखा. एका कागदात नवऱ्याचं नाव सांगणारा शब्द दुसऱ्यात जातीचं नाव सांगतो, आणि नकलेच्या नकलेत काना-मात्रा इकडेतिकडे झाला की बाळाजी ही जात होऊन बसते. हसू नका, मी स्वतः एका दुपारभर या बाळाजीला जातींच्या यादीत शोधत होतो.

यावरून आठवलं, ‘उर्दू येणाऱ्या कुणालाही दाखवा, वाचून देईल’ हाही भ्रमच. हैदराबाद संस्थानात आधी दरबारी भाषा फारसी होती. 1884 च्या सुमारास उर्दू आली. पण कारकून लिहायचा ते शिकस्ता वळणात, म्हणजे मोडतोड करून, नुक्ते गाळून, घाईनं. शाळेत छापील उर्दू शिकलेला मुलगा त्यापुढे आपल्याइतकाच हतबल. माझा एक उर्दू माध्यमातला मित्र कागदांचा रुमाल सोडून बसला, पहिल्या ओळीवर पाच मिनिटं बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘मौजे एवढंच लागतंय, पुढचं डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आहे.’ उलट बाजूनं, निजामाच्या राज्यात सगळं उर्दूतच होतं असंही नाही. गावपातळीवरचे कुळकर्ण्यांचे हिशेब कित्येक ठिकाणी मोडीत आहेत. तेव्हा कागद कोणत्या पायरीवरचा आहे ते आधी पाहावं: गावचा, तालुक्याचा की वरचा.

साल हा तर खड्डाच. कागदावर नुसतं ‘1320’ असतं. ते हिजरी धरलं तर 1902-03, फसली धरलं तर 1910-11. आठ वर्षांच्या फरकानं धाकटा चुलता बापापेक्षा मोठा होतो. महसुली कागदावरचं साल बहुतेक फसली. दख्खनी फसलीत 590 मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरात बदलतं, म्हणून इसवी सन जोडूनच लिहावा. ताळा करायचा तर 1357 फसली लक्षात ठेवा, म्हणजे 1947-48, रझाकारांचं साल. उत्तरेतली फसली वेगळी आहे, दोनेक वर्षांनी सरकते. मोबाइलवरचं गणित कुठली धरतं ते बघून घ्यावं. महिने आजुर, दै, बहमन असे आले की निःशंक फसली समजा.

जन्मतारखेबद्दल फार न बोललेलं बरं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात अख्खा वर्ग 1 जूनला जन्मलेला असतो, ती गुरुजींची तारीख. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधीचं गाव नमुना 14 मध्ये किंवा कोतवाल बुकात सापडलं तर सापडलं, तेही अनेकदा ‘अमक्यास मुलगा’ एवढंच, नाव न ठेवलेला.

जिल्हा बदलतो हेही विसरलं जातं. अंबड-भोकरदनची माणसं जालन्यात खेटे घालतात. पण जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधीचं दप्तर औरंगाबाद नावाखाली. वरच्या पातळीवरचं हवं असेल तर थेट हैदराबादच्या तारनाक्यातलं पुराभिलेखागार. आणि गाव? आमचं पैठण तालुक्यातलं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. 1976 मध्ये धरण पुरं झालं, गाव वर सरकलं, नाव तेच राहिलं, गट नंबर सगळे नवे. जुन्या खासऱ्यातला सर्व्हे नंबर आता नाथसागरात आहे, तिथे मासे मालक.

आडनावाच्या भरवशावर बसू नका, एवढंच म्हणतो. पाटील, देशमुख ही कामं होती. एक भाऊ गावावरून -कर झाला, दुसरा पाटील राहिला, तिसऱ्यानं कूळ लावलं. त्यात नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत, म्हणजे तुकाराम रामजी, रामजी तुकाराम, पुन्हा तुकाराम रामजी. कोणता तुकाराम, हे शेताच्या नंबरावरून ठरवायचं, नावावरून नाही.

माणसासाठी म्हणून लिहिलेले कागदही आहेत, पण तिकडे कुणी सहसा जात नाही. एक चर्चचे. ‘ख्रिस्ती नोंदी म्हणजे गोव्याच्या, वसईच्या’ असं आपण धरून चालतो. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावला सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ठाणं केलं. इकडे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं होतं. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाचं नाव, बाप, आई, धर्ममातापिता, धर्मगुरू, तारीख हे सगळं येतं. पुढे लग्न झालं की तेही त्याच नोंदीच्या कडेला लिहायची शिस्त आहे. म्हणजे ज्या भूमिहीन घराला खासऱ्यात ओळ मिळाली नाही, त्या घरातली पोर या वहीत आईच्या नावासकट असते. औरंगाबाद धर्मप्रांत 1977 चा आहे म्हणून ‘आधीचं काही नसेल’ असं समजू नये; वह्या ठाण्यांच्या आहेत, धर्मप्रांत नंतर आला. ख्रिस्ती नसलेल्या भावकीलाही यातून दुवा लागतो, कारण धर्म बदलला तरी चुलता चुलताच राहिला.

दुसरे कागद तीर्थोपाध्यायांचे. ‘ते ब्राह्मण-मराठ्यांचंच असतं’ किंवा ‘दक्षिणेसाठी काहीही वाचून दाखवतात’ अशा दोन्ही टोकांच्या शंका ऐकल्या आहेत. त्र्यंबक, नाशिक, पैठण, पुढे गया-प्रयाग, कुठेही गेलात तरी उपाध्ये आधी गाव विचारतात, मग जात-आडनाव. वह्या गाववार लावलेल्या असतात. बहुतेक नोंद यात्रेकरूच्या अक्षरात किंवा सांगण्यावरून, म्हणून तिचं मोल. गैरसमज एवढाच की ती वंशावळ असते. नसते. जो आला त्याची ती हजेरी असते, आणि जो कधी गेलाच नाही तो तिथेही नाही. हरिद्वारच्या वह्यांचं अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्मिंग केलं आहे. गोदाकाठच्या वह्यांसाठी मात्र पायरीवर बसावं लागतं.

मी पैठणला बसलो. खासऱ्यात चार पुरुषांची ओळ मिळाली होती, पण पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला आऊ म्हणत. उपाध्यायांनी कापडात बांधलेली वही उघडली, थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवलं. पणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. खाली आई, बायको, दोन सुना, त्यांची माहेरची गावंसुद्धा. आऊचं नाव काशी.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. मी वडील, भाऊ, मुलगा लिहिला, बायकोचं माहेर लिहिलं, आणि लेकीचं नाव लिहायला लागलो. ‘ती सासरच्या वहीत येईल हो,’ ते म्हणाले. जागा बोटभरच उरली होती. बारीक अक्षरात बसवलं.