फिमाय : थायलंडमधील एका ग्रामीण तालुक्याचा कारभार

थायलंडच्या ईशान्येस खोरातच्या पठारावर, नाखोन राचासीमा शहरापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर फिमाय हे तालुक्याचे ठिकाण आहे. येथून वाहणारी मून नदी पुढे पूर्वेस मेकाँगला मिळते. माती बरीचशी रेताड असून भूगर्भातील मिठामुळे काही ठिकाणी क्षारयुक्त झाली आहे. भात हे मुख्य पीक बहुतांशी पावसावर अवलंबून असल्याने तळी व बंधारे यांची निगा हा येथे जिव्हाळ्याचा प्रश्न होय.

या भूमीचा इतिहास प्राचीन आहे. ख्मेर साम्राज्याची राजधानी अंगकोर येथून फिमायपर्यंत राजमार्ग होता व सातव्या जयवर्मनाच्या काळी त्यावर १७ विश्रामगृहे होती. येथील महायान बौद्ध मंदिराच्या द्वारावरील शिलालेखात शके १०३०, म्हणजे इ. स. ११०८ चा निर्देश आहे. मंदिरावर रामायणातील प्रसंगही कोरलेले आढळतात. १९८९ मध्ये हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून खुला झाला.

आधुनिक प्रशासनाचा पाया राजपुत्र दामरोंग यांनी घातला. १८९२ ते १९१५ या काळात ते गृहमंत्री होते. वंशपरंपरागत स्थानिक सत्ताधीशांच्या जागी त्यांनी केंद्राने नेमलेले अधिकारी आणले. १९१४ च्या कायद्याने या रचनेस स्थैर्य आले. प्रांत, त्याखाली अम्फो म्हणजे तालुका, नंतर तांबोन हा ग्रामसमूह आणि शेवटी गाव, अशी ही उतरंड आहे. तालुक्याचा प्रमुख, नाय अम्फो, गृहखात्याचा नियुक्त अधिकारी असतो. गावप्रमुखास गावकरी निवडून देतात. तांबोनमधील गावप्रमुखांपैकी एकजण ‘कामनान’ होतो. २००८ च्या दुरुस्तीनुसार हे दोघेही वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पदावर राहू शकतात.

१९९४ च्या कायद्याने याच्या जोडीला तांबोन प्रशासन संस्था आल्या. त्यांना स्वतःचे अंदाजपत्रक असून मंडळ व प्रमुख चार वर्षांसाठी लोकनियुक्त असतात. २०१४ च्या लष्करी उठावानंतर थांबलेल्या त्यांच्या निवडणुका नोव्हेंबर २०२१ मध्ये झाल्या.

अशा प्रकारे एकाच गावात दोन नेतृत्वे नांदतात. सुव्यवस्था, नोंदी व सरकारी आदेश यांसाठी गावकरी कामनानकडे जातो; रस्ता, पाणी व स्वच्छता यांसाठी लोकनियुक्त संस्थेकडे. निधी एकाच्या हाती व वरिष्ठ कार्यालयाशी जुने संबंध दुसऱ्याच्या, अशी स्थिती असल्याने दोघांत मेळ नसला तर बंधाऱ्याचे साधे कामही रखडू शकते. अधिकार खाली देताना जबाबदारीची वाटणीही तितकीच स्पष्ट असावी लागते, हाच फिमायच्या कारभाराचा बोध होय.