सिंधुदुर्गाची आकडेवारी कशी वाचावी?

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे, ही गोष्ट अनेकदा अभिमानाने सांगितली जाते. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात 4,17,332 पुरुष व 4,32,319 स्त्रिया होत्या. म्हणजे दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया. राज्याचे प्रमाण त्या वेळी 929 होते. यावरून येथे मुलीच्या जन्माचे अधिक स्वागत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आकडा खरा असूनही तो निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मोजणी कोणाची झाली?

सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासात संख्याशास्त्राचा पहिला धडा हाच आहे : आकडा पाहण्यापूर्वी मोजणी कोणाची व कोठे झाली, हे विचारावे. जनगणनेत माणसाची नोंद तो सर्वसाधारणपणे जेथे राहतो तेथे होते. मुंबईत नोकरी करणारा मालवणचा चाकरमानी गणेशचतुर्थीला न चुकता गावी येत असला, तरी त्याची गणना मुंबईत होते. गावी राहिलेल्या आईची व पत्नीची गणना सिंधुदुर्गात होते. 1,036 या आकड्यात घरातील पुरुषांची ही अनुपस्थिती सामावलेली आहे.

मुलींची खरी स्थिती जाणून घ्यावयाची, तर नोकरीसाठी स्थलांतर न करणारा वयोगट घेतला पाहिजे. शून्य ते सहा वर्षे वयोगटात सिंधुदुर्गात दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 944 मुली होत्या. 2011 मध्ये 922 राहिल्या. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण सुमारे 950 असते. जो जिल्हा एका आकड्याने निश्चिंत करतो, तोच दुसऱ्या आकड्याने सावध करतो. पहिल्यावरच विसंबणारी ग्रामपंचायत मुलींचा प्रश्न विषयपत्रिकेवरून काढून टाकील, यात खरा धोका आहे.

नमुना कसा निवडावा?

प्रत्येक वेळी सर्वांची मोजणी शक्य नसते. अशा वेळी नमुना पाहणी उपयोगी पडते. पुण्यात 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी अशा सामाजिक-आर्थिक पाहण्यांची परंपरा रुजविली. समुद्रातील मासळीचा अंदाजही याच मार्गाने बांधला जातो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा करीत नाही. किनाऱ्याचे विभाग पाडून, काही केंद्रे व काही दिवस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे उतरलेली मासळी नोंदविते आणि त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज करते.

गावातील पाहणीतही हेच तत्त्व पाळावे. रस्त्यालगतची, सोयीची घरे घेतल्यास खाडीपलीकडील वाडी सुटते. घरांच्या यादीतून प्रत्येक वाडीतील दर दहावे घर घ्यावे. पहिले घर मात्र चिठ्ठी टाकून ठरवावे. काळाचेही भान हवे. केवळ जून-जुलैमधील मासेमारी बंदीच्या दिवसांत मच्छीमार कुटुंबांचे उत्पन्न विचारले, तर वर्षाचे चित्र चुकेल; मे महिन्यात घरटी माणसे मोजली, तर सुटीवर आलेले चाकरमानीही त्यात येतील.

लहान संख्येचा फसवेपणा

शिक्षकांना व सदस्यांना गावाच्या जन्मनोंदींचा अभ्यास सहज करता येईल. तेथे एक दक्षता घ्यावी. समजा, एका गावात वर्षभरात बारा बालके जन्मली. त्यांत सात मुलगे व पाच मुली. प्रमाण निघते 714! पण एका मुलग्याच्या जागी मुलगी जन्मली असती, तर तेच प्रमाण 1,000 झाले असते. एवढ्या लहान संख्येवरून गावाला दोष देऊ नये व प्रशस्तिपत्रही देऊ नये. निदान दहा वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात, शेजारच्या गावांच्या नोंदी त्यांना जोडाव्यात आणि मगच ग्रामसभेपुढे निष्कर्ष ठेवावा.

यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. त्रैराशिक, घरांची यादी आणि मनाजोगे उत्तर मिळाल्यावरही आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय, एवढे पुरेसे आहे.