नानांचं सेकंड होम

सेकंड होमचं फॅड आपल्याच पिढीचं, असं वाटतं ना? मग एखाद्या शनिवारी पहाटे ऐरोलीहून गाडी काढा, एक्स्प्रेस-वेने पुणं गाठा, पुढे खंबाटकी उतरून वाई आणि वाईला लागूनच मेणवली. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांना हे गाव १७६८मध्ये इनाम मिळालं. कृष्णेकाठी त्यांनी सहा चौकांचा वाडा बांधला. पुण्यातल्या राजकारणापासून लांब!

इंग्लंडमधली दगडी कन्ट्री हाउसेस फोटोत बघितली असतीलच. पुढे हिरवंगार लॉन, खिडक्यांच्या रांगा, सगळा थाट येणाऱ्याला दिसावा म्हणून. मेणवलीत नेमकं उलटं. बाहेरून उंच भिंत आणि दरवाजा, बस्स. थाट सगळा आत, चौकाभोवती. आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता. बाहेर अंगाची लाही, आत सोप्यावर मस्त गार. जाड भिंती तापायलाच संध्याकाळ होते आणि गरम हवा चौकातून वर निघून जाते. आमच्या वन बीएचकेत चौकाच्या जागी डक्ट आहे. त्यात कबुतरं राहतात.

मागे चंद्रकोरीसारखा दगडी घाट. ‘स्वदेस’मध्ये (२००४) पाहिलेला, हो तोच! मेणेश्वराच्या देवळापाशी चक्क चर्चची घंटा टांगलीय, १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली.

सोबत माझा चुलतभाऊ होता. गावचं आमचं जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा, हे दादाचं पक्कं होतं. कारण? भिंतींना ओल. पण चार वर्षांपूर्वी त्याच भिंतींना आम्ही सगळ्यांनी कॉन्ट्रिब्युशन काढून सिमेंटचं प्लॅस्टर केलं होतं. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद, ओल आतच मुरत राहते. म्हणजे घर म्हातारं झालं नव्हतं, आजारी आम्हीच पाडलं होतं.

हे सांगितलं तेव्हा दादा काहीच बोलला नाही. परतताना खंबाटकीच्या बोगद्यात अचानक म्हणाला, ‘‘काय गं, चुन्याचं काम करणारा गवंडी मिळेल का वाईत?’’

घर पाडायचं त्याने दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. गवंडी अजून मिळालेला नाही.