कुऱ्हाड सापडली तर चिंचेने घासू नका!

शेतकरी मित्रहो, विहिरीचे काम चालू असते, नाहीतर नांगर जरा खोल जातो, आणि ढेकळातून हिरवी गंजलेली कुऱ्हाड किंवा भाल्याचे पाते वर येते. लगेच घरातून चिंच आणि राख निघते. पाते लखलखते खरे, पण ते जुने की नकली हे सांगणारा साक्षीदार मोरीतून वाहून गेलेला असतो. तो साक्षीदार म्हणजे गंज!

अशी वस्तू आपल्याकडे निघणारच नाही असे समजू नका. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या उत्खननात तांब्याचा खंजीर निघाला.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? जमिनीत मुरलेल्या तांब्या-काशावर गंज थराथराने चढतो. वर हिरवा, त्याखाली बहुधा लालसर. कुठे जाड, कुठे पातळ, आणि मातीचे कण त्यात रुतून बसलेले. नकली मालाला आम्ल लावून हिरवेपणा आणतात. तो सगळीकडे सारखा दिसतो, कधी ओल्या कापसालाही लागतो.

दुसरी खूण धारेची. जुने कारागीर ओतीव पात्याची धार ठोकून टणक करीत. नकलीवर साच्याची शिवण किंवा ग्राइंडरचे सरळ ओरखडे सापडतात.

तिसरी खूण धातूची. कासे म्हणजे तांबे आणि कथील. जस्त भरपूर निघाले तर ते पितळ, मग संशय घ्यावा. क्ष-किरण यंत्राने वस्तू न कापता हे कळते. पण जुनी मोड वितळवूनही नवी वस्तू ओतता येते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

सगळ्यात मोठा पुरावा जागेचा. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भारी शिल्पे निघाली. ती रीतसर उत्खननात मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. एवढ्या मोलाच्या वस्तूंची ही गत, मग बाजारात फिरून आलेल्या पात्याचे काय?

म्हणून वस्तू दिसली की काम थांबवा. किती खोल, कोणत्या मातीत, शेजारी खापरे किंवा हाडे होती का, हे लिहून ठेवा. घासू नका, धुऊ नका, कोरड्या कागदात गुंडाळा. पोलीस पाटील आणि तलाठी भाऊसाहेबांनी पंचनाम्यात जागेची नोंद नीट करावी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवले तर सापडणाऱ्याचा हक्क जातो, वर शिक्षा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवान्याशिवाय अशा वस्तूंचा धंदाही करता येत नाही.

दारात येऊन रोख पैसे मोजणारा व्यापारी आज गोड बोलेल. पण पाते एकदा गावाबाहेर गेले की ते कुठल्या मातीतले, हे उद्या कोणीच सांगू शकणार नाही.