आकाशांतील विषम फुगडी

श्रावणांत मुलींची फुगडी रंगली असतां वाचकांनीं पाहिलें असेल कीं, दोघी सारख्या वजनाच्या असल्या म्हणजे दोघींचाही फेरा सारखाच पडतो. पण एक भारी व दुसरी हलकी असली, तर भारी जवळजवळ जागींच फिरते आणि हलकीला मोठा फेरा घ्यावा लागतो. आकाशांतही अशा जोड्या आहेत. त्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

मोठ्या ताऱ्याचा गाभा शेवटीं आंत कोसळून स्फोट झाला म्हणजे कित्येकदां न्यूट्रॉन तारा जन्मास येतो. त्यांत द्रव्य सूर्याच्या सुमारें दीडपट, आणि रुंदी मात्र यवतमाळाहून कळंबास जाण्याच्या वाटेएवढी! असे दोन तारे परस्परांभोंवतीं फिरतांना गुरुत्वीय लहरींच्या रूपानें शक्ति गमावतात, जवळ येत जातात व अखेर एकमेकांवर आदळून एक होतात. हल्स व टेलर यांना १९७४ सालीं अशी पहिली जोडी सांपडली. तिचीं वस्तुमानें सूर्याच्या १·४४ व १·३९ पट, म्हणजे जवळजवळ जुळ्या बहिणीच. यामुळें अशा सर्वच जोड्या समसमान असाव्यात, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

१७ ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकेंतील लायगो व इटलींतील व्हर्गो या यंत्रांनीं सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षें दूरच्या अशा एका मीलनाच्या लहरी टिपल्या. दोन्ही ताऱ्यांचें मिळून वस्तुमान सूर्याच्या सुमारें २·७४ पट निघालें. पण प्रत्येकाचें किती? कापसाचीं दोन गांठोडीं एकदम कांट्यावर घातलीं तर बेरीज कळते, वांटणी कळत नाहीं. तशीच कांहींशी ही अडचण आहे. लहरींचा सूर किती वेगानें चढतो, हें मुख्यतः दोन वस्तुमानांच्या एका ठराविक मिश्रणावर अवलंबून असतें. तें मिश्रण फार अचूक मोजतां आलें; हलक्याचें भारीशीं गुणोत्तर मात्र ०·७ ते १ यांच्या दरम्यान कोठें तरी, एवढेंच सांगतां आलें.

एवढ्याशा फरकाचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. वस्तुमानें सारखीं असलीं तर दोन्ही तारे समोरासमोर आदळतात व मधलें तप्त द्रव्य पिळून बाहेर पडतें. विषम असलीं तर हलका तारा भारीच्या ओढीनें आधींच ताणला जाऊन फाटतो व त्याची लांब शेपटी दूर फेकली जाते. (न्यूट्रॉन द्रव्य किती कठीण, यावरही पुष्कळ अवलंबून आहे.) या उधळलेल्या द्रव्यांतच सोनें व प्लॅटिनम यांसारखीं जड मूलद्रव्यें घडतात. आपल्या आईच्या मंगळसूत्रांतील सोन्याचा कांहीं अंश तरी अशाच एखाद्या प्राचीन आघातांतून आला असावा. किती, हें ठरवावयाचें तर हें गुणोत्तर हवें.

२०२० सालीं अरेसिबोच्या दुर्बिणीनें मोजलेली एक जोडी जाहीर झाली. वस्तुमानें १·६२ व १·२७, गुणोत्तर ०·७८. विषम जोड्याही आहेत तर!

२०१७ च्या त्या आघातानंतरचे रेडिओ किरण पुणें जिल्ह्यांतील खोडद येथील दुर्बिणीनेंही टिपले होते. आणि आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाजवळ, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचें लायगो यंत्र उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तें ऐकूं लागलें म्हणजे अशा मीलनाची आकाशांतील जागा अधिक नेमकी कळेल, आणि दुर्बिणी त्या बाजूस वेळेवर वळवितां येतील.